निवडणूक आपली, मत परक्यांचं: किती मनावर घ्यायचं?

अक्षांश (धागाकर्ता)

२००४ साली लंडनच्या ‘गार्डियन’ या दैनिकाने एक उपद्व्याप केला. अमेरिकेत बुश विरुद्ध केरी अशी लढत होती आणि ओहायो राज्यावर सगळ्यांचा डोळा होता. त्यातली क्लार्क काउंटी अगदी काठावरची. गार्डियनने तिथल्या मतदारांची यादी मिळवली, आपल्या वाचकांना एकेक पत्ता दिला आणि सांगितलं, यांना पत्र लिहा, जगाला काय वाटतं ते कळू द्या. हजारो वाचकांनी पत्ते मागून घेतले. पत्रांचा सूर सौजन्याचा होता. उत्तरं मात्र अशी आली की त्यातली चार इथे डकवली तर संपादक धागाच उडवतील. २००० मध्ये ही काउंटी बुश यांचे तेव्हाचे प्रतिस्पर्धी गोर यांनी ३२४ मतांनी जिंकली होती. २००४ मध्ये ती बुश यांच्याकडे गेली. पत्रांमुळेच गेली असं कोणी सिद्ध केलेलं नाही, पण पत्रांचा उपयोग झाला नाही एवढं नक्की.

कुठल्याही देशात निवडणूक लागली की दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘सगळं जग आपल्याकडे बघतंय.’ दुसरं, ‘आमच्या घरात नाक खुपसणारे तुम्ही कोण?’ गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून येतात, फक्त आठवडा वेगळा असतो. परदेशी विद्यापीठाने, मासिकाने, पंतप्रधानाने कौतुक केलं की ते पोस्टरवर. त्यांनीच टीका केली की षड्‌यंत्र.

माझं मत आधी सांगतो, मग झोडपा. परक्याच्या मताला मी साक्षीदाराच्या जबानीइतकी किंमत देतो. तो कुठे उभा होता, तिथून त्याला काय दिसू शकत होतं, यात त्याचा काय फायदा, हे विचारायचं आणि मग ठरवायचं. आपल्या शेतीमालाचे भाव, आपल्या शाळा, आपली पोलीस चौकी यांबद्दल त्याला माझ्याइतकं कळणार नाही. पण माझ्या सरकारने सीमेपलीकडे काय केलं, करार पाळले की मोडले, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असू शकतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. परदेशी मत मतदारापर्यंत आपोआप पोचत नाही, देशातलाच कोणीतरी ते घेऊन येतो. जुलै २००८ मध्ये ओबामांनी बर्लिनला सभा घेतली, सुमारे दोन लाख लोक आले. पुढच्याच आठवड्यात त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्या प्रचाराने त्याच गर्दीची दृश्यं वापरून जाहिरात केली: हा माणूस जगप्रसिद्ध आहे, पण नेतृत्व करायला तयार आहे का? बर्लिनकरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचा अर्थ ओहायोत काय लावायचा हे अमेरिकन पक्षांनी ठरवलं. आपल्याकडे एप्रिल २०१९ मध्ये इम्रान खान म्हणाले की भाजप जिंकला तर शांतता चर्चेची शक्यता जास्त. ते वाक्य विरोधकांनी लगेच उचललं. एरवी पाकिस्तानात कोणाच्या वक्तव्याला टाळ्या पडतात हा सत्ताधाऱ्यांचा आवडता विषय असतो. म्हणून मी आधी हे बघतो की हे मत माझ्या दारात कोण आणून टाकतंय.

तुम्हाला काय वाटतं? किंमत द्यावी का, किती, आणि कुणाच्या मताला?

करवंद

थोडक्यात: नाही.

निकालाचे परिणाम जो भोगणार तोच मत देणार. ज्याला उद्या इथे कर भरायचा नाही, रांगेत उभं राहायचं नाही, त्याने शुभेच्छा द्याव्यात आणि गप्प बसावं. एवढा मोठा लेख कशाला पाडलात कळलं नाही.

तळटीप

लेख पाडला ते बरं झालं. अक्षांश यांच्या ‘दारात कोण आणून टाकतंय’ याला एक अस्सल उदाहरण आहे.

१८८८ मध्ये वॉशिंग्टनला ब्रिटनचे राजदूत होते लायोनेल सॅकव्हिल-वेस्ट. त्यांना कॅलिफोर्नियाहून पत्र आलं. लिहिणारा म्हणे मूळचा इंग्रज, आता अमेरिकन नागरिक, नाव चार्ल्स मर्चिसन. विचारतो, मायदेशाच्या हिताच्या दृष्टीने मी मत कोणाला देऊ? राजदूतांनी भिडस्तपणे उत्तर दिलं, त्यातून तेव्हाचे डेमोक्रॅट अध्यक्ष क्लीव्हलंड बरे असा अर्थ निघत होता. मर्चिसन नावाचा असा कोणी नव्हताच. पत्र लिहिणारा रिपब्लिकन पक्षाचा माणूस होता. ते उत्तर निवडणुकीच्या तोंडावर छापून आलं. इंग्रजांवर खार खाऊन असलेले आयरिश मतदार न्यूयॉर्क राज्यात ढिगाने होते. क्लीव्हलंड यांनी राजदूताला हाकललं, तरी न्यूयॉर्क गेलं आणि अध्यक्षपदही गेलं. देशभरातली एकूण मतं मात्र त्यांनाच जास्त होती.

म्हणजे परक्याचं मत मुद्दाम काढून घ्यायचं आणि विरोधकाच्या गळ्यात बांधायचं, हा धंदा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्याही मागे जायचं तर १७९६ मध्ये फ्रान्सचे दूत आदे यांनी उघडपणे जेफरसन यांची बाजू घेतली होती. जिंकले ॲडम्स, ७१ विरुद्ध ६८ निर्वाचक मतांनी.

शून्यप्रहर

राजदूतांवरून आठवलं, बोलिव्हिया २००२. कोका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे नेते इव्हो मोरालेस अध्यक्षपदाला उभे. अमेरिकेचे राजदूत मॅन्युएल रोचा यांनी मतदानाच्या काही दिवस आधी भाषणात दम दिला की मोरालेसला निवडाल तर अमेरिकेची मदत धोक्यात येईल. मोरालेस एकदम उसळले आणि २१ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन दुसरे आले, पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा जेमतेम दीड टक्क्याने मागे. राजदूतसाहेब माझे सर्वात चांगले प्रचारप्रमुख, असं ते नंतर थट्टेने म्हणायचे. २००५ मध्ये निवडूनही आले.

आता पुढचं ऐका. डिसेंबर २०२३ मध्ये याच रोचांना अमेरिकेत अटक झाली. आरोप: कित्येक दशकं क्युबासाठी काम करत होते. २०२४ मध्ये गुन्हा कबूल केला, १५ वर्षांची शिक्षा झाली. आता ते २००२ चं भाषण नक्की कोणत्या देशाचं मत होतं, हे ज्याने त्याने ठरवावं.

दुपारचीझोप

शून्यप्रहर, दंडवत! हा किस्सा माहीत नव्हता.

करवंद यांच्याशी सहमत व्हावंसं वाटतंय, पण मग वाचायला काय राहील?

गुणाकार

किस्से रंजक आहेत, पण सगळे एकाच पठडीतले. परका बोलला आणि उलटं झालं. असे किस्से आपल्याला आवडतात कारण त्यात शहाण्याची फजिती होते. जे सरळ सरळ यशस्वी झालं त्याचा किस्सा होत नाही.

डोव्ह लेव्हिन या अभ्यासकाने १९४६ ते २००० या काळातल्या निवडणुका तपासल्या. अमेरिका आणि सोव्हिएत संघ (नंतर रशिया) यांनी मिळून ११७ निवडणुकांत हस्तक्षेप केल्याची त्याची मोजणी आहे, त्यातले ८१ अमेरिकेचे. म्हणजे देशाचा सत्ताधारी ठरवणाऱ्या दर नऊ चुरशीच्या निवडणुकांमागे साधारण एक. ज्याच्या बाजूने हस्तक्षेप झाला त्याला सरासरी ३ टक्के मतांचा फायदा झाला असा त्याचा निष्कर्ष. आणि धागाकर्त्यांच्या विरोधात जाणारी गोष्ट अशी की गुपचूप केलेल्या मदतीपेक्षा उघड केलेली जास्त परिणामकारक ठरली.

उदाहरण: इटली, एप्रिल १९४८. अमेरिकेने ख्रिश्चन डेमोक्रॅट्सना चोरून पैसा पुरवला आणि उघडपणे सांगितलं की कम्युनिस्ट आले तर मार्शल मदत (युद्धानंतर युरोप उभारायला अमेरिका देत होती ती) विसरा. इटालियन वंशाच्या अमेरिकनांकडून गावी नातेवाइकांना ढिगाने पत्रं लिहवून घेतली. दुसऱ्या बाजूला मॉस्कोचा पैसाही होताच. ख्रिश्चन डेमोक्रॅट्सना ४८ टक्के मतं पडली. पत्रांचा तोच प्रयोग, पण गार्डियनची पत्रं अनोळखी माणसाची होती आणि ही शिकागोतल्या काकाची.

अजून ताजं हवं तर अर्जेंटिना. १९४६ मध्ये अमेरिकी मुत्सद्दी स्प्रुइल ब्रेडन पेरॉन यांच्याविरुद्ध उघडपणे उतरले होते. पेरॉन यांनी ‘ब्रेडन की पेरॉन’ अशी घोषणा केली आणि जिंकले. हे सगळे सांगतात. पण त्याच अर्जेंटिनात ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेच्या मध्यावधी निवडणुकीआधी ट्रम्प यांनी २० अब्ज डॉलरच्या मदतीची सांगड अध्यक्ष मिलेई यांच्या विजयाशी घातली. मिलेई यांचा पक्ष सुमारे ४१ टक्के मतं घेऊन पहिला आला. तेव्हा ‘परका बोलला की लोक चिडतात’ हा नियम नाही. कधी चिडतात, कधी हिशेब करतात.

अक्षांश

गुणाकार, आकडे मान्य. पण ११७ मध्ये पैसा, धमकी, मदतीचं आमिष हे सगळं आलं. मी मताबद्दल बोलतोय. ‘अमुक निवडून आला तर आम्ही कर्ज थांबवू’ हे मत नव्हे, ती सौद्यातली अट आहे. मतदाराने तिचा विचार करायचाच, कारण ती खरी होऊ शकते. पण विचार केला म्हणून त्याने परक्याच्या शहाणपणाला मान दिला असं होत नाही.

ओबामांचं २०१६ चं उदाहरण मला या सीमेवरचं वाटतं. एप्रिलमध्ये लंडनला येऊन म्हणाले की ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडला तर अमेरिकेशी व्यापार कराराच्या रांगेत शेवटी उभा राहील. हा इशारा? माहिती? धमकी? तिन्ही वाचनं झाली. जून महिन्यात ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचा कौल दिला.

गुणाकार

सीमा तुम्ही आखताय, मतदार आखत नाही. बलाढ्य देशाच्या प्रमुखाने नुसती भुवई उंचावली तरी बाजार हलतो. त्याच्या मतातून वजन काढून शुद्ध मत शिल्लक ठेवणार कसं? बारक्या देशाच्या प्रमुखाने तेच वाक्य बोललं तर कोणी बातमीही करत नाही. ‘परदेशी मत’ म्हणून आपण जे म्हणतो ते बहुतेक वेळा बलाढ्यांचंच मत असतं.

रेवाकाठ

हाच धागा पकडून पुढे जाते. आतापर्यंत सगळ्यांनी धरून चाललंय की परके म्हणजे ते आणि आपण म्हणजे ज्यांच्या निवडणुकीत लुडबूड होते ते. जरा खुर्च्या बदलून बघू.

भूतान, २०१३. राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीची पहिली फेरी ३१ मे रोजी झाली, सत्ताधारी पक्ष पुढे होता. त्याचे पंतप्रधान आदल्या वर्षी रिओमध्ये चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते आणि ते दिल्लीला रुचलं नव्हतं, अशी चर्चा होती. १ जुलैपासून भारताने स्वयंपाकाच्या गॅसवरचं आणि रॉकेलवरचं अनुदान थांबवलं. सिलिंडरची किंमत दुपटीहून वर गेली. अंतिम फेरी होती १३ जुलैला. विरोधी पक्ष ४७ पैकी ३२ जागा घेऊन निवडून आला. ऑगस्टपासून अनुदान पुन्हा सुरू. अधिकृत कारण एवढंच की जुन्या योजनेची मुदत संपली होती. असेलही. पण थिंफूमधल्या बाईने गॅस पेटवताना काय समजायचं?

आणि मालदीवमध्ये उलटा खेळ. ‘इंडिया आउट’ ही मोहीम तिथे वर्षानुवर्षं चालली होती, भारतीय सैनिक परत पाठवा ही मागणी. सप्टेंबर २०२३ मध्ये तीच मागणी करणारे मुइझ्झू ५४ टक्के मतं घेऊन अध्यक्षपदी निवडून आले. भारताने प्रचारात एक शब्द बोलायची गरजही पडली नाही. मोठा शेजारी असणं हेच पुरेसं.

करवंद, तुमचा नियम मला आवडला. फक्त तो आपल्यालाही लावणार का?

करवंद

लावणार. भूतानने कोणाला निवडावं ते भूतान ठरवेल. पण अनुदान कोणाला द्यायचं ते आमचा करदाता ठरवेल. ते मत नाही, पैसे आमचे आहेत.

रेवाकाठ

अगदी हेच ट्रम्प अर्जेंटिनाला म्हणाले. :)

करवंद

मग काय चुकलं त्यांचं? मदत म्हणजे हक्क नव्हे. मी म्हणतो लांबून उपदेश करू नका. व्यवहार करा, तो समजतो.

आडवाछेद

करवंद यांचं पहिलंच वाक्य तपासायला हवं. ‘परिणाम जो भोगणार तोच मत देणार.’ ऐकायला बिनतोड. पण मग ज्यांना परिणाम भोगावे लागतात आणि मत देता येत नाही त्यांचं काय?

दक्षिण आफ्रिका, १७ मार्च १९९२. वर्णभेद संपवण्याच्या वाटाघाटी पुढे न्याव्यात का, यावर सार्वमत झालं. मतदार फक्त गोरे. म्हणजे देशातल्या बहुसंख्य लोकांचं भवितव्य ठरणार आणि त्यांनाच मतपेटीपर्यंत जाता येत नाही. ६८.७ टक्के गोऱ्यांनी ‘हो’ म्हटलं. त्या ‘हो’मागे काय काय होतं? देशातला कृष्णवर्णीयांचा दीर्घ लढा, तो पहिला. पण त्याच्या जोडीला बाहेरच्या जगाचं मतही होतं: निर्बंध, आटलेलं परकीय भांडवल, खेळांवरचा बहिष्कार. त्याच वेळी त्यांचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात आयुष्यातला पहिला विश्वचषक खेळत होता. ‘नाही’ असा कौल आला असता तर जग पुन्हा दार लावून घेणार हे घराघरांत माहीत होतं, आणि ‘हो’च्या प्रचारात ते वापरलंही गेलं. पाच दिवसांनी सिडनीला उपांत्य सामना झाला. एका चेंडूत २२ धावा वगैरे, तो वेगळा विषय.

इथे ‘आमच्या घरात नाक खुपसू नका’ हे वाक्य नक्की कोण म्हणत होतं? घराचे मालक म्हणवणारे. घरात राहणाऱ्या बाकीच्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, खुपसा.

अजून एक, उलट्या टोकाचं. ऑस्ट्रिया, १९८६. कुर्ट वाल्डहाइम, संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव, अध्यक्षपदाला उभे. दुसऱ्या महायुद्धात बाल्कनमध्ये जर्मन सैन्यात ते काय करत होते हे त्यांनी लपवून ठेवल्याचं प्रचारादरम्यान बाहेर आलं. वर्ल्ड ज्यूइश काँग्रेसने कागदपत्रं मांडली. त्यांच्या बाजूची घोषणा काय होती? ‘आम्ही ऑस्ट्रियन आम्हाला हवा त्याला निवडतो.’ दुसऱ्या फेरीत ५३.९ टक्के मतं घेऊन जिंकले. पुढच्या वर्षी अमेरिकेने त्यांना प्रवेशबंदीच्या यादीत टाकलं, आणि सहा वर्षं एक राष्ट्राध्यक्ष बहुतेक पाश्चात्त्य राजधान्यांना नकोसा होऊन बसला.

इथे परके बोलत होते म्हणून कागदपत्रं खोटी ठरत नव्हती. मतदाराने ‘कोण बोलतंय’ हे बघितलं आणि ‘काय बोलतंय’ ते बघायचंच राहिलं. अक्षांश, तुमच्या ‘दारात कोण आणून टाकतंय’ या कसोटीचा धोका हाच आहे. आणणाऱ्याचा हेतू वाईट असूनही आणलेली गोष्ट खरी असू शकते.

तळटीप

आणि उलटही. ऑक्टोबर १९२४, ब्रिटन. मतदानाला चार दिवस असताना ‘डेली मेल’ने एक पत्र छापलं, मॉस्कोहून आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचे प्रमुख झिनोव्हिएव्ह यांनी ब्रिटिश कम्युनिस्टांना क्रांतीची तयारी करा म्हणून लिहिलेलं. मजूर पक्षाची सत्ता गेली. ते पत्र बनावट होतं. म्हणजे परक्याचं मत नसेल तर तयारही करता येतं. (त्या निवडणुकीत मजूर पक्षाची एकूण मतं वाढली होती, पडझड लिबरलांची झाली, तेव्हा पत्रानेच हरवलं असं सरळ म्हणता येत नाही.)

व्याजदर

सगळे राजदूत आणि पंतप्रधानांवर अडकलेत. निवडणुकीत ज्या परदेशी मताचं खरं वजन पडतं ते भाषण करत नाही, ते रोखे विकतं.

ब्राझील २००२. अध्यक्षपदाचे डावे उमेदवार लुला चाहत्यांच्या गर्दीत, मतचाचण्यांत पुढे. परदेशी गुंतवणूकदारांना वाटलं हा कर्ज बुडवणार. रियाल घसरत घसरत डॉलरला चारच्या आसपास गेला. जूनमध्ये लुलांनी जाहीर पत्र काढून सांगितलं, आधीचे करार पाळू. ऑगस्टमध्ये नाणेनिधीने ३० अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं आणि त्याच्या अटींबाबत प्रमुख उमेदवारांना विश्वासात घेतलं गेलं. निवडून आले लुलाच, पण कार्यक्रमाची धार मतदानाआधीच बोथट झाली होती. मतदाराने परदेशी मत धुडकावलं, उमेदवाराने मानलं.

ग्रीस त्याहून कडू. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१.३ टक्के लोकांनी धनकोंच्या अटींना ‘ओही’ (नाही) म्हटलं, ब्रुसेल्स आणि बर्लिनचे सगळे इशारे झुगारून. रात्री अथेन्समध्ये जल्लोष. १३ जुलैला त्याच सरकारने ब्रुसेल्समध्ये जवळपास त्याच, काही बाबतींत अधिक कडक अटी स्वीकारल्या.

त्यामुळे ‘महत्त्व द्यावं का’ हा प्रश्नच मला थोडा पुस्तकी वाटतो. ज्याचं कर्ज आहे त्याच्या मताला तुम्ही आधीच महत्त्व दिलंय, सही केली तेव्हा. ज्या देशाला ते नको असेल त्याने निवडणुकीच्या वर्षात ओरडण्यापेक्षा दहा वर्षं आधी तूट आटोक्यात ठेवावी.

दुपारचीझोप

‘ते रोखे विकतं’ वाचून झोप उडाली.

सातासमुद्र

मी कुठल्या बाजूला बसू ते सांगा कोणीतरी. भारतीय पासपोर्ट, राहते बाहेर. २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी नागरिकांना मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. एका मतासाठी विमानाचं तिकीट काढणारे किती? शेजारी राहणारी मैत्रीण आता इथली नागरिक झाली, तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे, तिला मत नाहीच. तिचे आईवडील तिकडे आहेत, जमीन तिकडे आहे. तिने फेसबुकवर निवडणुकीबद्दल लिहिलं की अर्धे म्हणतात वा, अर्धे म्हणतात तू परकी. कोणते अर्धे काय म्हणतील ते तिने काय लिहिलंय त्यावर ठरतं.

सभा भरवायला मात्र आम्ही चालतो. सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनला ट्रम्प आणि मोदी एका मंचावर होते, अमेरिकन निवडणुकीची घोषणाही हिंदीतून ऐकू आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बांगलादेशी अभिनेता फिरदौस पश्चिम बंगालमध्ये तृणमूलच्या प्रचारात दिसला तर व्हिसा रद्द होऊन त्याला देश सोडायला सांगितलं. व्हिसाच्या अटी मोडल्या हे खरंच. पण मोठ्या मंचाला व्हिसाचा प्रश्न पडत नाही.

तळटीप

पैशाचं राहिलंच. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षांना परदेशी देणग्या घ्यायला मनाई आहे आणि परकीय देणग्यांचा कायदा १९७६ पासून आहे. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस दोघांनीही तो मोडल्याचं म्हटलं. त्यावर उपाय काय, तर ‘परदेशी’ कंपनीची व्याख्याच बदलली: आधी २०१६ मध्ये, २०१० पासून लागू होईल अशी, मग २०१८ मध्ये थेट १९७६ पासून. अर्थविधेयकातून, फारशी चर्चा न होता. परकीय हाताबद्दल एकमेकांवर तुटून पडणारे दोन पक्ष इथे गुण्यागोविंदाने एका बाजूला होते.

आडवाछेद

हे वाचून करवंद काय म्हणतात बघू. कारण उपदेश फुकट असतो, देणगी नाही.

करवंद

दोन्ही पक्षांचा निषेध. पैसा कडक बंद हवा, यात वाद नाही. बोलण्यावर बंदी मी कधीच मागितली नव्हती, मी फक्त म्हणालो की मी ऐकणार नाही.

गुणाकार

पण ऐकतोय कोणाचं हे कळायला तर हवं. रोमानियात नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू अचानक पहिले आले, मतचाचण्यांत कुठेच नसताना. टिकटॉकवर त्यांचा प्रचार प्रचंड फिरला होता. त्यामागे बाहेरून चालवलेली मोहीम असल्याचे गुप्तचर अहवाल जाहीर झाले आणि ६ डिसेंबरला घटना न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. मे २०२५ मध्ये फेरनिवडणूक, निकुशोर दान जिंकले.

यात दोन गोष्टी अडचणीच्या आहेत. मतदाराला वाटत होतं आपल्यासारखाच कोणीतरी बोलतोय. राजदूत निदान आपल्या नावाने बोलतो. आणि निवडणूक रद्द झाल्यावर तिच्यावरही परदेशी मत आलंच: फेब्रुवारीत म्युनिकला अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी रोमानियाला आणि युरोपला त्यावरून सुनावलं. एका हस्तक्षेपाच्या इलाजावर दुसऱ्याचं मत. रोमानियन मतदाराने नक्की कोणाला ‘तुम्ही कोण’ म्हणायचं?

अक्षांश

आडवाछेद यांचा आक्षेप सकाळपासून डोक्यात आहे. आणणाऱ्याचा हेतू आणि आणलेल्या गोष्टीचा खरेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, बरोबर. म्हणून मी क्रम असा लावेन: तपासता येणारी गोष्ट असेल, कागद, आकडा, करार, तर कोणीही आणो, तपासायची. वाल्डहाइम तिथे बसतात. ‘तुमच्यासाठी अमुक चांगला’ अशा शिफारशीत तपासण्यासारखं काही नसतं, तिथे मी आणणाऱ्याकडे बघेन. दक्षिण आफ्रिका मात्र यात बसत नाही हे मला दिसतंय. तिथे परक्यांनी माहिती दिली नाही की शिफारस केली नाही, त्यांनी संबंध तोडले. आणि तो दबावच होता, ज्याला मी वर सौद्यातली अट म्हणालो. तरी तो मला योग्य वाटतो. का, तर ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनीच तो मागितला होता म्हणून. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बहिष्काराची हाक दिली होती.

रेवाकाठ

‘त्यांनीच मागितला होता’ यावर सावध राहा. मागणारे कोण, किती, हे प्रत्येक वेळी इतकं स्पष्ट नसतं. देशाबाहेर पळालेले चार नेतेही ‘आमच्या जनतेच्या वतीने’ निर्बंध मागतात, आणि त्यांचे परिणाम त्या जनतेला भोगावे लागतात.

आडवाछेद

मान्य, सोपं नाही. लुथुलींच्या मागे मोठी संघटना होती, चार जण नव्हते. पण संख्या मोजायची कशी, जिथे मतदानच नाही?

शून्यप्रहर

कॅनडाबद्दल कोणीच कसं बोललं नाही! जानेवारी २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष मतचाचण्यांत वीसहून जास्त टक्क्यांनी पुढे. ट्रम्प डिसेंबरपासूनच कॅनडाला ५१ वं राज्य म्हणत होते, मग त्यांनी आयातकर लावले. तिकडे लिबरल पक्षाचे पंतप्रधान ट्रूडो गेले, त्यांच्या जागी त्याच पक्षाचे कार्नी आले. मार्चमध्ये ट्रम्प म्हणाले, मला तर लिबरलांशी व्यवहार करणं सोपं वाटतं. म्हणजे शाब्दिक शिफारस लिबरलांना, आणि लोकांनी मत दिलं लिबरलांना, पण ट्रम्प यांना धडा शिकवायला! मतदानाच्या दिवशीही ५१ व्या राज्याचं पालुपद चालूच होतं. शेवटी कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पॉइलिव्हर यांना जाहीरपणे लिहावं लागलं की आमच्या निवडणुकीपासून लांब राहा. ते स्वतःच्या मतदारसंघातही हरले.

गुणाकार, हे तुमच्या ३ टक्क्यांत कुठे टाकणार? हस्तक्षेप कोणाच्या बाजूने झाला म्हणायचं?

गुणाकार

लेव्हिनची मोजणी २००० ला संपते, सुटलो. :) पण गंभीरपणे, तो हेतू मोजतो आणि इथे हेतू काय होता हे ट्रम्प यांनाही सांगता येईल का शंका आहे. शिवाय पॉइलिव्हर यांच्या पक्षाला ४१ टक्के मतं मिळाली, कित्येक दशकांतली त्यांची सर्वाधिक. खरी कोसळली ती एनडीपी (तिथला डावा पक्ष), तिचे मतदार घाबरून लिबरलांकडे गेले. म्हणजे परक्याच्या बोलण्याने कोणाचं मत बदललं असेल तर ते ज्यांना तो बोलतच नव्हता त्यांचं.

करवंद

तेच तर. मी ऐकणार नाही म्हणालो, पण शेजारचा ऐकून घाबरणार आणि त्याचं मत माझ्याइतकंच भरणार. यावर उपाय आहे का कोणाकडे?

व्याजदर

नाही.